एक विद्यार्थी, एक संगणक

शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या एकट्याच्या वापरासाठी लॅपटॉप, क्रोमबुक किंवा टॅबलेट देऊन सगळे विषय त्याच्या मदतीने शिकवण्याची पद्धत. सहावी ते आठवीच्या, म्हणजे साधारण ११ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी ती अनेक ठिकाणी राबवली गेली आहे. या वयात मूल पुरेसे वाचू-लिहू लागलेले असते, पण मोठ्या परीक्षांचे ओझे अजून पडलेले नसते.

संगणक कक्षाहून ही पद्धत मुळातच वेगळी आहे. कक्षात ठरलेल्या तासिकेला जायचे, दोघांनी एक यंत्र वाटून घ्यायचे, घंटा झाली की उठायचे. तिथे संगणक हाच शिकण्याचा विषय असतो. स्वतःचे यंत्र मात्र वहीसारखे दप्तरात असते आणि अर्धवट राहिलेले काम दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू होते. गणिती व संगणकतज्ज्ञ सीमोर पॅपर्ट हे समजावताना पेन्सिलीचा दाखला देत. वर्गात एकच पेन्सिल ठेवून लेखन सुधारते का हे पाहण्यात काय अर्थ, असा त्यांचा सवाल होता.

मुलांसाठी वहीएवढ्या आकाराच्या संगणकाची कल्पना ॲलन के यांनी १९७२ मध्ये ‘डायनाबुक’ या नावाने मांडली होती. असे यंत्र त्या काळी बनवता येण्याजोगे नव्हते. शाळेत ही कल्पना प्रत्यक्षात उतरली ती ऑस्ट्रेलियात. मेलबर्नच्या मेथडिस्ट लेडीज कॉलेज या मुलींच्या शाळेने १९९० मध्ये मुलींच्या हाती लॅपटॉप दिले.

सरकारी शाळांसाठीचा सर्वांत बोलका प्रयोग अमेरिकेतील मेन राज्याचा. गव्हर्नर अँगस किंग यांनी २००० मध्ये ही योजना मांडली, तेव्हा तिला बराच विरोध झाला. पॅपर्ट तेव्हा याच राज्यात राहत होते आणि त्यांच्या विचारांचा किंग यांच्यावर प्रभाव होता. २००२ मध्ये सातवीच्या आणि पुढच्या वर्षी आठवीच्या मुलांना लॅपटॉप मिळाले. दोनशेहून अधिक शाळा, गरीब गावे आणि सधन उपनगरे, सगळ्यांना सारखेच यंत्र. शिक्षकांनाही लॅपटॉप आणि प्रशिक्षण मिळाले. या योजनेचे मोठेपण मला इथेच दिसते, कारण पुढे अनेकांनी यंत्रे खरेदी केली आणि नेमकी हीच बाजू दुबळी ठेवली.

परिणामांबद्दल सर्वांत भरवशाचे निष्कर्ष लेखनाचे आहेत. मेनमध्ये २००० आणि २००५ च्या आठवीच्या राज्य परीक्षांची तुलना केली असता लेखनात स्पष्ट सुधारणा दिसली. याचे कारण समजण्यासारखे आहे. कागदावर निबंध सुधारायचा म्हणजे तो पुन्हा पहिल्यापासून उतरवायचा, आणि बारा वर्षांचे मूल ते टाळणारच. पडद्यावर परिच्छेद हलवता येतो, वाक्य खोडून पाहता येते, शिक्षकांचा शेरा वाचून त्याच मजकुरावर पुन्हा काम करता येते. मसुदा आणि पक्की प्रत यांतली भिंत पडते. मात्र शिक्षकांनी दुसरा-तिसरा मसुदा मागितलाच नाही, तर लॅपटॉप हे निव्वळ टंकलेखन यंत्र ठरते.

गणित आणि वाचनात चित्र इतके स्वच्छ नाही. टेक्सासमध्ये २००४ पासून चार वर्षे लॅपटॉप दिलेल्या आणि न दिलेल्या माध्यमिक शाळांची तुलना झाली. शिस्तभंगाच्या तक्रारी कमी झाल्या, तांत्रिक कौशल्ये वाढली, पण वाचनाच्या गुणांत ठोस फरक पडला नाही. गुणांशी सर्वांत घट्ट नाते दिसले ते शाळेबाहेर, अभ्यासासाठी केलेल्या वापराचे. यंत्र संध्याकाळी शाळेच्याच कपाटात कुलूपबंद ठेवण्याचा निर्णय म्हणूनच महागात पडतो. पेरूमध्ये ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांच्या अभ्यासात, २०१२ च्या अहवालानुसार, गणित आणि भाषेच्या गुणांवर काहीही परिणाम आढळला नाही. तिथे बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते आणि शिक्षकांची तयारीही तोकडी होती. त्याउलट उरुग्वेने २००७ पासून ‘सेइबाल’ योजनेत यंत्रांबरोबर शाळांना इंटरनेटची जोडणीही दिली.

यंत्र घरी जाते म्हणून मुलाच्या खासगीपणाचा प्रश्नही घरापर्यंत पोहोचतो. २०१० मध्ये पेनसिल्व्हेनियात शाळेने दिलेल्या लॅपटॉपचा कॅमेरा दुरून सुरू होऊन विद्यार्थ्यांची घरातली छायाचित्रे घेतली गेल्याचे उघड झाले आणि प्रकरण न्यायालयात गेले. चोरीला गेलेले यंत्र शोधण्यासाठी ही सोय ठेवली होती. कोणती माहिती साठवली जाते, ती कोण पाहू शकते आणि किती दिवस राहते, हे पालकांना वाटपाच्या दिवशीच लेखी कळले पाहिजे. वर्गात लक्ष विचलित होण्याची तक्रारही खरी आहे. झाकण मिटवून ठेवण्याचा वेळ ठरवणे हा त्यावरचा सर्वांत साधा उपाय.

खर्चाचा मोठा भाग खरेदीनंतर सुरू होतो. पडदे फुटतात, चार्जर हरवतात, बॅटरी काही वर्षांत थकते. दुरुस्तीला गेलेल्या यंत्राच्या जागी लगेच दुसरे मिळाले नाही, तर ते मूल आठवडाभर वर्गाच्या मागे पडते, म्हणून काही जादा यंत्रे हाताशी ठेवावीच लागतात. जपानने २०१९ मध्ये ‘गिगा स्कूल’ योजना जाहीर केली आणि कोविडच्या साथीमुळे तिची गती वाढवून मार्च २०२१ पर्यंत जवळपास सर्व प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांत यंत्रे पोहोचवली. ती जुनी होऊ लागताच, २०२३ च्या पूरक अर्थसंकल्पात नव्या खरेदीसाठी सरकारला पुन्हा तरतूद करावी लागली.