यंत्र दातांवर, खर्च वैद्यकीय विम्यावर

स्लीप ॲप्नियात झोपेत घशाची वाट मिटते, श्वास अडतो, दचकून जाग येते. त्यावर सीपॅपचा, म्हणजे दाबाने हवा सोडून वाट उघडी ठेवणाऱ्या यंत्राचा, मुखवटा ज्यांना सोसत नाही, त्यांना दंतवैद्य वेगळं उपकरण बनवून देतात. वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारे दोन साचे आणि त्यांना जोडणारी बिजागरी किंवा स्क्रू, एवढाच त्याचा ऐवज. ते खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवतं. जिभेचा मुख्य स्नायू याच जबड्याला आतून जोडलेला असतो, त्यामुळे जीभही पुढे सरकते आणि वाट मोकळी राहते.

अमेरिकेत याचा क्लेम दातांच्या विम्यावर टाकला की बहुतेकदा निराशा पदरी पडते. आजार श्वासाचा आहे, तेव्हा खर्च मागायचा तो वैद्यकीय विम्याकडे. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरच्या लोकांचा सरकारी आरोग्य विमा, एरवी दातांच्या नेहमीच्या उपचारांना हात लावत नाही, पण हे उपकरण ते व्हीलचेअरच्या पंगतीला बसवतं आणि पार्ट बीमधून, म्हणजे डॉक्टरांची फी आणि उपकरणं यांच्या भागातून, पैसे देतं. उपकरणाचा कोड ई०४८६, निदानाचा जी४७.३३. नुसत्या घोरण्यावर काही मिळत नाही.

मुख्य आकडा एएचआय, म्हणजे तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा मंदावला. तो १५ किंवा जास्त असेल तर मार्ग सोपा. ५ ते १४ असेल तर सोबत दिवसा अनावर झोप, निद्रानाश, उच्च रक्तदाब, हृदयविकार, पूर्वीचा पक्षाघात असं काहीतरी नोंदलेलं हवं. ३०च्या वर असेल, तर सीपॅप का चालत नाही हे आधी कागदावर यावं लागतं.

पण घोडं पेंड खातं ते मोजणीत. श्वास मंदावल्यावर रक्तातला ऑक्सिजन ३ टक्के उतरला किंवा झोप चाळवली तरी बऱ्याच प्रयोगशाळा ती घटना धरतात. मेडिकेअर ४ टक्क्यांखाली बोलतच नाही. समजा, ६ तासांच्या झोपेत पहिल्या हिशेबाने १०८ घटना भरल्या, तर एएचआय १८. दुसऱ्या हिशेबाने त्याच रात्रीच्या ७८ उरल्या, की तो १३ वर येतो. झोप तीच, रुग्ण तोच, पण आता रक्तदाबाची नोंद नसेल तर क्लेम बाद होऊ शकतो. म्हणून अहवालात ४ टक्क्यांचा आकडा वेगळा लिहून मागावा.

कागदांचा क्रमही बघितला जातो. आधी डॉक्टरांची प्रत्यक्ष तपासणी, मग झोपेची चाचणी, मग डॉक्टरांची लेखी ऑर्डर आणि शेवटी दंतवैद्याने दिलेलं उपकरण. चाचणी आधी उरकून तपासणी मागाहून जोडली, तर आजार कितीही खरा असला तरी उपयोग नाही. हा नियम रुग्णाला जाचक वाटतो, आणि आहेही.

उपकरण मापाचं हवं. गरम पाण्यात मऊ करून चावायचं तयार साचं चालत नाही, जीभ ओढून धरणारी रबरी टोपीही नाही. बिजागरी पक्की असावी, जबडा १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी टप्प्याने पुढे घेता यावा, आणि ते तोंडातून काढल्यावरही जुळवणी जागची हलू नये, अशा अटी आहेत.

वर्षाची वजावट, म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून द्यायची ठरलेली रक्कम, भरल्यावर मेडिकेअर मंजूर रकमेच्या ८० टक्के देतं. मात्र ‘मंजूर रक्कम’ आणि दंतवैद्याचं बिल यांत मोठी दरी असू शकते. ‘असाइनमेंट घेता का?’, म्हणजे मेडिकेअरची मंजूर रक्कम हीच पूर्ण किंमत मानता का, हे दातांचं माप देण्याआधीच विचारावं. होकार असेल तर तुमच्या वाट्याला वजावट आणि उरलेले २० टक्केच. नकार असेल तर वरचा सगळा फरक तुमच्या खिशातून, आणि अशा उपकरणांच्या बिलाला कायद्याची कमाल मर्यादा लागू होत नाही.

पहिल्या ९० दिवसांतली जुळवणी किमतीतच धरलेली असते. जबडा थोडा थोडा पुढे नेत योग्य जागा सापडायला आठवडे जातात, त्यामुळे भेटी लांबवू नयेत. ९१व्या दिवसापासून तीच जुळवणी ‘दातांचा उपचार’ ठरते आणि तिचं बिल मेडिकेअर भरत नाही.