गाडी ॲव्हरेज देत नाही: घट वापराची की बिघाडाची?

नवी गाडी घेऊन चार-पाच महिने झाले आणि ॲव्हरेज ऐकलं होतं त्यापेक्षा बरंच कमी पडायला लागलं, की पहिली शंका हीच येते की आपल्या वाट्याला नेमकी खराब गाडी आली. सर्व्हिस सेंटरला विचारावं तर उत्तर मिळतं, "अजून रनिंग-इन व्हायचंय, चालवत राहा." म्हणजे नव्या इंजिनाचे भाग अजून एकमेकांत नीट बसायचेत. दोघंही 'कमी ॲव्हरेज' हाच शब्द वापरतात, पण बोलत असतात दोन वेगळ्या गोष्टींबद्दल. कधी गाडी ठणठणीत असते आणि ती ज्या तऱ्हेने चालवली जाते त्यातच इंधन जास्त लागतं. कधी खरोखरच काहीतरी अडतंय, चिकटलंय किंवा बंद पडलंय. लिटरला तेराचा आकडा दोन्हींत दिसू शकतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावर भांडून हाती काही लागत नाही. बघायचं ते हे की आकडा कुठे सुधारतो आणि कुठे अजिबात हलत नाही. वापरामुळे आलेली घट रस्ता बदलला की कमी-जास्त होते. बिघाडाची घट गाडी जिथे न्याल तिथे सोबत येते.

त्याआधी आकडा तरी खरा हवा. डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज म्हणजे इंजिनात किती इंधन सोडलं याचा गाडीने स्वतः लावलेला हिशोब. तो थोडा चुकतो, आणि बहुतेक वेळा मालकाला खूश करणाऱ्या बाजूनेच चुकतो. म्हणून टाकी ते टाकी मोजा. नोझल पहिल्यांदा 'टक' करून आपोआप बंद होतं, तिथेच थांबायचं. पंपावरचा माणूस आकडा पूर्ण करायला अजून दोन-तीनदा दाबायला जातो, त्याला स्पष्ट नको म्हणा. ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलने, पुन्हा पहिल्या टकपर्यंत भरा आणि मधल्या किलोमीटरना आत्ता भरलेल्या लिटरने भागा. एका टाकीवर निष्कर्ष काढू नका. १० लिटर भरताना एका लिटरचा फरक पडला तर हिशोबात दहा टक्क्यांची चूक आली. सलग तीन-चार टाक्यांची एकत्र बेरीज घेतली की ही चूक विरून जाते.

बेरीज करताना एक चूक सर्रास होते. १० किलोमीटर शहरात लिटरला १० ने आणि १० किलोमीटर बाहेर लिटरला २० ने गेलात, तर सरासरी १५ येत नाही. पहिल्या तुकड्याला १ लिटर लागलं, दुसऱ्याला अर्धा. २० किलोमीटरना दीड लिटर, म्हणजे १३.३. थोडंसं शहरातलं चालवणं सगळ्या टाकीचं ॲव्हरेज किती खाली ओढतं, ते इथे दिसतं.

आता वापराची घट. हिचं सर्वांत मोठं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे थंड इंजिन. गरम झालेलं पेट्रोल इंजिन वजनाने साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल घेतं. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. ऑइल घट्ट असतं, गिअरबॉक्समधलंही, आणि ते ढवळण्यात ताकद जाते. गाडी काही किलोमीटर गेल्यावरच हे सगळं निवळतं. तुमचा रोजचा प्रवास तीन-चार किलोमीटरचा असेल, तर गाडी तिचं बहुतेक आयुष्य याच अवस्थेत काढते.

माझ्या स्वतःच्या गाडीचं हेच झालं. पहिले तीन महिने लिटरला १२ च्या वर जाईना. मी इंजेक्टरपासून सेन्सरपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला. मग एका रविवारी ट्रिप मीटर शून्य करून एका दमात दीडशे किलोमीटर जाऊन आलो आणि टाकी भरली, तर १८ च्या पुढे. गाडीला काहीही झालं नव्हतं. सकाळी चार किलोमीटर, संध्याकाळी चार किलोमीटर, दोन्ही वेळा इंजिन थंड, हा माझा दिनक्रमच पेट्रोल पीत होता.

बाकीची कारणं ओळखीची आहेत. एसी लावून उभ्या गाडीत बसलात तर किलोमीटर शून्य, आणि इंधन इंजिनाच्या आकाराप्रमाणे तासाला अर्धा ते दोन लिटर जातं. वेगाचा हिशोब तर फार कडक आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ८० वरून १०० वर गेलात की तो जवळजवळ ५६ टक्के वाढतो. टपावरचं कॅरिअर रिकामं असलं तरी उतरवून ठेवा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे पेट्रोलमधल्या दर दहा टक्के मिश्रणामागे तीनेक टक्के घट येणारच, आणि ती कुठलाही मेकॅनिक दुरुस्त करू शकत नाही.

डिझेल गाडीत या दोन प्रकारांची गल्लत सहज होते. धुराची काजळी अडवणारा फिल्टर गाडी अधूनमधून जास्तीचं डिझेल वापरून तापवते आणि साफ करते. सतत छोट्या फेऱ्या मारल्या तर ही सफाई अर्धवट राहते आणि पुन्हा पुन्हा सुरू होते. लक्षण अगदी बिघाडाचं वाटतं, मूळ मात्र वापरात असतं. अधूनमधून एक लांब, सलग फेरी हाच त्यावरचा उपाय. ती टाळत गेलात तर फिल्टर खरोखर तुंबतो आणि मग तो बिघाडच होतो.

बिघाडाच्या घटीत मी सगळ्यात आधी ब्रेक बघतो. बहिणीची सात महिन्यांची गाडी कुठल्याही रस्त्यावर लिटरला १३ च द्यायची, गावात १३ आणि हायवेवर १३. हा हटून बसलेला आकडाच मला खटकला. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून, शेवटी फारसा ब्रेक न मारता गाडी थांबवली आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ, न टेकवता, तळहात धरला. तीन चाकं कोमट. मागच्या डाव्या चाकाजवळ तव्यासारखी धग, आणि जळका वास. हँडब्रेकची केबल जास्त ताणलेली निघाली. हँडब्रेक सोडला तरी तो त्या चाकाला धरूनच राहायचा. ही तपासणी कुणीही करू शकतं. फक्त डिस्कला किंवा ड्रमला हात लावू नका, चांगलंच भाजतं. सपाट, मोकळ्या जागी अगदी कमी वेगात गाडी न्यूट्रलवर घेऊनही बघता येतं. मोकळी गाडी घरंगळत राहते, ब्रेक धरलेली गाडी कुणीतरी मागे ओढल्यासारखी थांबते.

दुसरा संशयित थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. तो उघडाच अडकला तर कूलंट सारखं रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन पूर्ण तापत नाही आणि कॉम्प्युटरला ते थंडच वाटतं. अशी गाडी लांबच्या प्रवासातही छोट्या फेरीसारखंच इंधन खाते. अर्धा तास चालवल्यावर स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्यातले आकडे वाचणारं यंत्र) कूलंटचं तापमान ९० अंशांच्या आसपास दिसायला हवं. ६०-६५ वर रेंगाळत असेल तर कारण सापडलं. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर बाकी तर्क सोडून आधी स्कॅनरने बिघाडाचा कोड वाचून घ्या. आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ॲव्हरेजचा विचार नंतर, गाडी आधी थांबवा.

टायरमधल्या हवेवर लोक गरजेपेक्षा जास्त खापर फोडतात. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या आकड्यानुसार चारही टायरांत सरासरी एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा कमी झाली तर घट सुमारे ०.२ टक्के. म्हणजे पाच पीएसआयला एक टक्का. हवा जरूर तपासा, टायर आणि जीव दोन्हींसाठी, पण १८ चे १३ तिच्यामुळे होत नाहीत. एअर फिल्टरचंही तसंच. अमेरिकेतल्याच ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये तपासून पाहिलं, तर इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरने पिकअप कमी झाला, ॲव्हरेजवर जवळपास काही परिणाम नाही. चाकांची ॲलाइनमेंट (ती सरळ रेषेत आहेत की नाही) मात्र बघावी, विशेषतः चाक एखाद्या मोठ्या खड्ड्यात आदळलं असेल आणि स्टीअरिंग एका बाजूला ओढत असेल तर.

दोन्हींचा निवाडा एका फेरीत होतो. इंजिन गरम करून घ्या, टाकी पहिल्या टकपर्यंत भरा, सपाट रस्त्यावर ८० च्या स्थिर वेगाने किमान पन्नास-साठ किलोमीटर जा आणि त्याच रस्त्याने परत या, म्हणजे वारा आणि चढ दोन्ही बाजूंनी मोजले जातील. त्याच पंपावर पुन्हा भरा. आकडा उसळी मारून वर आला तर घट वापराची. तोच राहिला तर चाकांजवळ तळहात धरून धग बघा आणि स्कॅनर लावा. रनिंग-इनमुळे पहिल्या काही हजार किलोमीटरांत थोडी सुधारणा होते हे खरं आहे, पण जी गाडी या फेरीतही मान टाकते, तिला 'अजून चालवा' हे उत्तर पुरेसं नाही.

तेव्हा वॉरंटी असतानाच जा, आणि "ॲव्हरेज कमी आहे" एवढंच सांगू नका. चार टाक्यांचे लिटर आणि किलोमीटर, त्या एका फेरीचा आकडा, आणि कुठलं चाक तापतं ते जॉब कार्डवर लिहून घ्यायला लावा. त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.