किड्याचा फोटो पाठवताय? आधी हे वाचा

सकाळी दुकान उघडायच्या आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येऊन पडलेले असतात, "जास्वंदीवर पांढरं काहीतरी आलंय, कोणतं औषध मारू?" आणि उघडून बघावं तर हिरव्या पानावर एक पांढरा ठिपका, तोही हललेला. यावरून काय सांगणार?

घोळ होतो तो बोटांनी झूम करण्यात. डिजिटल झूम म्हणजे तोच फोटो कापून मोठा केलेला असतो, त्यात नवीन काहीच दिसत नाही, आणि फोन अगदी जवळ नेला तर साधी लेन्स फोकस करत नाही. म्हणून फोनमध्ये मॅक्रो मोड असेल तर तो लावा, नसेल तर क्लिपवाली मॅक्रो लेन्स घ्या, ती दोन-तीन सेंटीमीटरवरून चालते (आमच्याकडे मिळते, काउंटरवर स्वतःच्या फोनला लावून बघा, मगच घ्या). फांदी एका हाताने धरायची आणि फोन हळूहळू पुढे-मागे करत किडा स्पष्ट दिसला की क्लिक. फ्लॅश नको. पांढरा किडा असेल तर स्क्रीनवर त्याच्यावर टॅप करून उजेड कमी करा, नाहीतर सगळं पांढरंफटक येतं आणि पाय दिसत नाहीत.

पायांसाठी एवढा हट्ट का, तर मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण आणि क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी, दोघांच्याही अंगावर पांढरं मेण. पण मिलीबग रस शोषत एका जागी चिकटून बसतो, आणि ही अळी त्याच्यापेक्षा मोठी, लांब झिपऱ्यांची, काडी लावली की तुरुतुरु पळते आणि मिलीबगच खाते. हा ढालकिडा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून मुद्दाम भारतात आणलेला, द्राक्षवाले आजही तो विकत घेऊन बागेत सोडतात. तुमच्या कुंडीत फुकट आलाय आणि तुम्ही त्यालाच फवारताय!

म्हणूनच फोटो बघितल्याशिवाय आम्ही औषध देत नाही. काहीजण चिडतात, "पैसे देतोय ना" म्हणतात, पण बाटली विकून मोकळं व्हायला आम्हाला काय जातंय, पंधरा दिवसांनी तेच झाड परत आमच्याच दारात येतं.

अजून एक, नुसता किडा नको, अख्ख्या झाडाचाही एक फोटो पाठवा आणि पानाची खालची बाजू विसरू नका. झाड कळलं की निम्मं काम होतं, कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी म्हटलं की ती बहुतेक लिंबाच्या फुलपाखराचीच, तिला औषध कशाला, उचलून लिंबाच्या झाडावर सोडा.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे जातात. ओळखून द्यायचे पैसे घेत नाही, घरी येऊन बाग बघायची असेल तर व्हिजिटचा चार्ज वेगळा. फोटो जमतच नसेल तर किडा पानासकट डबीत घालून आणा, जिवंत, चपलेने मारलेला नको, आणि झाकण प्लीज घट्ट लावा.