मऊ टिप म्हणजे जास्त स्पिन नव्हे

पूल या खेळात चेंडूला फटका मारायच्या काठीला, म्हणजे क्यूला, टोकाशी मऊ कातडी टिप लावली की चेंडूला जास्त स्पिन (फिरकी) मिळतो, हा बेळगाव-निपाणीकडील पूल टेबलांभोवती वर्षानुवर्षे ऐकू येणारा समज बरोबर नाही. क्यूचा फटका पांढऱ्या चेंडूच्या मध्यापासून किती दूर आणि किती वेगाने बसतो, यावर स्पिन ठरतो. ५७.१५ मिमी व्यासाच्या चेंडूवर मध्यापासूनच्या या अंतराची मर्यादा साधारण १४ मिमी असते. त्यापलीकडे टिप बहुधा घसरते, आणि तिथपर्यंत चॉक (टिप घसरू नये म्हणून लावायची पूड) नीट धरणारी, गोलाई राखणारी कडक टिपही जवळपास तेवढाच स्पिन देते.

खरा प्रश्न सातत्याचा आहे. एकाच कातड्यात पाठीचा भाग घट्ट आणि पोटाचा सैल असतो, हे अथणीच्या चप्पल कारागिरांना सांगावे लागत नाही. म्हणूनच एकाच डबीतल्या एकथरी (कातड्याच्या एकाच तुकड्याच्या) टिपांपैकी एक टणक, तर दुसरी लिबलिबीत निघू शकते. पातळ थर चिकटवून केलेल्या टिपांत हा फरक बराच कमी असतो, मात्र चिकटवणी निकृष्ट असल्यास थर सुटतात. एकथरीच घ्यायची असेल, तर पाच-सहा टिपा फरशीवर टाकून सारख्या आवाजाच्या तेवढ्या निवडाव्यात आणि पावसाळ्यात हवाबंद डबीत ठेवाव्यात, कारण ओलाव्याने कातडे फुगून मऊ पडते.