वयस्क महिलांचा व्यायाम आणि मानसिक स्वास्थ्य

साठीच्या पुढच्या बायका नियमित चालल्या, योगासनं केली, हातापायाच्या ताकदीचे किंवा तोल सांभाळायचे व्यायाम केले की त्यांच्या मूडवर, झोपेवर, आत्मविश्वासावर जो परिणाम होतो तो हा विषय. आपल्याकडे बोलणं होतं ते शुगर, बीपी आणि गुडघ्यांचं, मनाचं सहसा कोणी विचारत नाही, आणि "दिवसभर घरकाम करते की, वेगळा व्यायाम कशाला" हे उत्तर ठरलेलं. घरकामात हालचाल होते हे खरंच आहे, पण त्यात स्वतःसाठी काढलेला वेळ नसतो आणि सोबतीलाही कोणी नसतं.

या विषयात नेहमी सांगितला जाणारा अभ्यास अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा, जेम्स ब्लुमेंथल आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये छापलेला. पन्नाशी आणि त्यापुढच्या, डिप्रेशन असलेल्या १५६ स्त्रीपुरुषांपैकी काहींना व्यायाम, काहींना सर्ट्रालिन ही डिप्रेशनवरची गोळी, काहींना दोन्ही, आणि १६ आठवड्यांनी तिन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारणा, गोळीचा गुण मात्र लवकर दिसला. पण व्यायाम आठवड्यातून तीनदा ग्रुपमध्ये होता, काहीच न करणारा गट नव्हताच, त्यामुळे गुण घामाचा किती आणि चार माणसांत मिसळण्याचा किती हे त्यातून वेगळं काढता येत नाही. (म्हणून कोणी परस्पर गोळ्या बंद करू नयेत, ते डॉक्टरांनाच विचारून.)

बायकांच्या बाबतीत पडण्याची भीती हा मोठाच मुद्दा आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं, हाडं ठिसूळ होतात, एकदा पाय घसरला की बाहेर जाणं बंद, मग पाय अजून कमजोर, परत पडायची शक्यता वाढते आणि एकटेपणा येतो तो वेगळाच. म्हणून नुसतं चालणं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ च्या पुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, शिवाय ताकदीचा किमान २ दिवस आणि तोलाचा ३ दिवस. आपल्याकडे वॉकला जाणाऱ्यांतही हे शेवटचे दोन बहुतेक वेळा राहूनच जातात. वय झालं म्हणून ताकद वाढत नाही असं काही नाही, १९९० च्या एका प्रसिद्ध अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या लोकांची पायांची ताकद आठच आठवड्यांत भरपूर वाढली होती.

महाराष्ट्रात याला सोबतीची जोड आयती मिळते. १९९५ मध्ये डॉ. मदन कटारियांनी मुंबईत सुरू केलेले हास्यक्लब आता गावोगावच्या बागांत दिसतात, आणि मंगळागौरीच्या ग्रुपमधल्या आज्या झिम्मा-फुगडीत चांगल्याच दमतात, फक्त गुडघा दुखत असेल तर फुगडी सोडून टाळ्यांचे खेळ घ्यावेत.