आशेचा नांगर: मराठी मंडळींतल्या धावेची पार्श्वभूमी

शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत मराठी अक्षरांच्या शिळा बघत हिंडलं, की एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं: 'धाव संपवली आहे, विश्वास राखला आहे.' बायबलमधल्या, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं हे वचन आमच्या आजीच्या शिळेवरही आहे. ईस्टरच्या आदल्या दिवशी आम्ही ती शिळा घासतो. नारळाचा काथ्या, बादलीभर पाणी आणि 'धाव'मधल्या 'ध'च्या वळणात वाळून बसलेलं शेवाळ काढायला जुना टूथब्रश. आजी परळच्या एका इस्पितळात आया होती. रात्रपाळी संपली की बसचे पैसे वाचवून चालत घरी यायची. तिच्या नावाखाली 'धाव' कोरली, तेव्हा घरात कोणालाही तो शब्द परका वाटला नाही.

तो शब्द आपल्यात इतका मुरला कसा, हे बघायचं तर सुरुवात दुसऱ्या एका वचनापासून करावी लागते. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा तिसरा अध्याय वाचतात. मागील गोष्टींकडे दुर्लक्ष करून, पुढील गोष्टींकडे लक्ष लावून, खुणेकडे मी धावतो. 'हेच एक माझे काम.' मग दिवे मंद होतात, बारा वाजता घंटा होते आणि वेदीजवळच्या परडीतून प्रत्येक जण नव्या वर्षासाठी वचनाची चिठ्ठी उचलतो. ती चिठ्ठी वर्षभर पाकिटात, नाहीतर देव्हाऱ्यासारख्या जपलेल्या बायबलाच्या पानांत राहते.

येशूचा प्रेषित पौल याने हे पत्र लिहिलं ते कैदेतून. फिलिप्पै ही मासेदोनियातली रोमन वसाहत, निवृत्त सैनिकांची वस्ती असलेली. धावण्याच्या शर्यती आणि बक्षिसं तिथल्या माणसांच्या ओळखीची होती. एक गोष्ट मात्र मराठीत उतरत नाही. 'मी धावतो' यासाठी पौलाने वापरलेलं ग्रीक क्रियापद आणि त्याच अध्यायात थोडं आधी 'मंडळीचा छळ करणारा' असं स्वतःबद्दल सांगताना वापरलेलं क्रियापद एकच आहे. पाठलाग करणं, असा त्याचा अर्थ. ज्या जोराने तो माणसांच्या मागे लागला होता, त्याच जोराने आता तो ख्रिस्ताच्या मागे आहे. मराठीत एकाचा 'छळ' झाला, दुसऱ्याची 'धाव' झाली, आणि पश्चात्तापाची ती धार वाचकाच्या हातून निसटली.

मुंबई परिसरात हा संदेश मराठीच्या आधी पोर्तुगिजांबरोबर आला. वसईचा तह १५३४ चा. पुढे १६१६ साली गोव्यात रायतूरला दहा हजारांहून अधिक ओव्यांचं ख्रिस्ती पुराण मराठीत छापलं गेलं. वसई, उत्तन, माहीम, वांद्रे इथल्या कॅथलिक कुटुंबांची परंपरा या प्रवाहातली. प्रॉटेस्टंट मंडळींची गोष्ट १८१३ पासून सुरू होते. त्या वर्षी १२ फेब्रुवारीला दोन अमेरिकन मिशनरी मुंबईच्या बंदरात उतरले. कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं, पण अखेर ते राहिले. बंगालमधल्या श्रीरामपूरला मराठी नवा करार १८११ मध्येच मोडी लिपीत छापून झाला होता. मुंबईच्या मिशनने आपला नवा करार १८२६ मध्ये पुरा केला, आणि मुंबईतून संपूर्ण मराठी बायबल आलं १८४७ मध्ये.

इथे मला थांबायचं आहे, कारण खरा गुंता या भाषांतरात आहे आणि तो सुटला असं मला आजही वाटत नाही. गुंता 'आशा' या शब्दाचा.

ग्रीक 'एल्पिस'ला मराठीत 'आशा' हा शब्द मिळाला. विश्वास, आशा, प्रीती ही तिन्ही टिकणारी आहेत, हे आपण लहानपणी पाठ करतो आणि त्यात काही खटकत नाही. पण एकोणिसाव्या शतकातल्या मराठी माणसाच्या कानाने ऐकून पाहा. त्याच्या कानावर लहानपणापासून कीर्तन होतं, आणि कीर्तनातली आशा म्हणजे बेडी. आशा मुळासकट खणून काढावी, तरच गोसावी व्हावं, असं तुकोबांनी सांगून ठेवलेलं. आशा, तृष्णा, वासना या तिघी एका ओळीत बसणाऱ्या. अशा माणसाला कोणी सांगितलं की देवाने तुला 'जिवंत आशा' दिली आहे, तर त्याला ती देणगी वाटेल की नवं बंधन?

म्हणून हा शब्द चुकला असं म्हणावं का? माझं मत तसं नाही. आपल्याकडे आशेचाच एक घरगुती अवतार आहे: आस. दोन्ही शब्द मूळचे एकच. आशा खणून काढायला सांगणाऱ्या त्याच संताला विठ्ठलाच्या भेटीची आस लागली होती, चकोराला पुनवेच्या चंद्राची लागावी तशी. आशा वस्तूची असते, आस माणसाची असते, निदान मराठी कानाला तरी तसं वाटतं. सार्वकालिक जीवनाची आशा म्हटलं की मनात मृत्यूनंतर मिळणारी एखादी मिळकत उभी राहते. ख्रिस्ताच्या भेटीची आस म्हटलं की पौल काय म्हणतो ते एकदम कळतं, कारण फिलिप्पैकरांस पत्राच्या त्याच तिसऱ्या अध्यायात त्याने सांगितलं आहे की त्याला 'त्याची' ओळख करून घ्यायची आहे. भाषांतरकारांनी 'आस' का घेतला नाही, हे समजू शकतं. तो शब्द कवितेचा, आणि त्यांना हवी होती नेमकी, सर्वत्र चालणारी गद्य संज्ञा. पण त्या एका निवडीने पुढच्या दीडशे वर्षांची प्रवचनं मृत्यूपलीकडे झुकली, असं मी उघडपणे म्हणेन.

'सार्वकालिक' या विशेषणाने तो झुकाव वाढवला. ऐकताना त्यात फक्त लांबी ऐकू येते, न संपणारा काळ. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात मात्र येशूच व्याख्या देतो: एकाच खऱ्या देवाला व त्याने ज्याला पाठवलं त्याला ओळखणं, हेच सार्वकालिक जीवन. म्हणजे ते सुरू होतं ओळख पटली तेव्हा, दफनानंतर नव्हे. 'मोक्ष' हा तयार शब्द मराठी बायबलाने ख्रिस्ती अर्थाने पुढे केला नाही, 'तारण' घेतला. जन्ममृत्यूच्या फेऱ्यातून सुटण्याचा अर्थ टाळायचा होता, ते योग्यच झालं. तारणात तर पैलतीर आहे, नाव आहे, वल्हवणं आहे. गती आहे.

आणि नावेबरोबर नांगर येतो. इब्री लोकांस पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटलं आहे, स्थिर आणि अढळ. रोमच्या जमिनीखालच्या जुन्या ख्रिस्ती कबरींवर हे चिन्ह कोरलेलं सापडतं. मराठीत मात्र नांगर दोन. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नगर भागात बाप्तिस्मे वाढले, त्यातली बहुतेक कुटुंबं गावकुसाबाहेरची होती. त्यांनी नांगर पाहिला होता तो बैलांचा, तोही बहुधा दुसऱ्याच्या शेतात. जहाज पाहिलेलं नाही, समुद्र पाहिलेला नाही. 'आशा जिवाचा नांगर' हे त्यांनी ऐकलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे फाळ आला असणार, जमीन चिरत पुढे जाणारा. त्यांच्या मदतीला लूकचं वचनही होतं: नांगराला हात घातल्यावर मागे पाहणारा देवाच्या राज्याच्या उपयोगी नाही. ग्रीकमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत, मराठीत ते एक झाले. एक नांगर धरून ठेवतो, दुसरा पुढे नेतो. भाषेच्या या योगायोगाने आपल्याला इतरांना न मिळालेलं काहीतरी दिलं आहे, असं मी मनापासून मानतो.

आस आणि आशा यांची फारकत ज्याने सर्वांत जवळून पाहिली, तो कोकणातला एक ब्राह्मण कवी, नारायण वामन टिळक. त्याने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईतच बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं तो सांगे. त्याच्या अभंगांनी मराठी उपासनेला चाल दिली, आणि टाळ-मृदंगाच्या साथीने देवाला हाक मारण्याची मोकळीक दिली. मिशनच्या पगारी चाकरीतून तो १९१७ मध्ये बाहेर पडला आणि १९१९ मध्ये मुंबईत वारला. केडगावची पंडिता रमाबाई दुसऱ्या टोकाने त्याच प्रश्नाला भिडली. साध्या बाईला वाचता येईल असं बायबल मराठीत हवं, म्हणून तिने हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीने सगळं भाषांतर केलं. १९२२ मध्ये ती गेली, ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. संस्कृताच्या वजनाने वाकलेले शब्द तिने जाणूनबुजून दूर ठेवले. त्या कामाचा वापर पुढे किती कमी झाला, याची खंत वाटते.

नगर, सोलापूर, जालन्याहून माणसं मुंबईत येत राहिली. गिरण्या, रेल्वे, इस्पितळं, शाळा. भायखळा, परळ, माझगाव, कुर्ला इथे मराठी मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यांच्यासाठी 'पुढे धावणं' हे गावकुसापासून दूर जाणंही होतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण 'मागील गोष्टींकडे दुर्लक्ष करून' हे कागदावर जमत नाही. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. मंडळीच्या वहीत एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं, अशी घरं मी पाहिली आहेत. त्यांना भित्रं म्हणणारे पाळकही पाहिले आहेत. तो शब्द फार कठोर होता. मुलाची फी आणि बापाचा विश्वास यांच्यात निवड करायला लावणारा नियम आधी तपासायला हवा होता.

१९७० मध्ये नागपुरात उत्तर भारतातल्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र आल्या. त्या एकीतून मुंबईत मिळकतींचे वाद किती निघाले, तो वेगळा विषय. या लेखाच्या दृष्टीने मोठा बदल नंतरच्या दशकांतला आहे. शाळांच्या हॉलमध्ये, भाड्याच्या गाळ्यांत, मजल्यावरच्या खोल्यांत स्वतंत्र प्रार्थनासभा भरू लागल्या. त्यांनी मरगळलेल्या माणसांना प्रार्थना करायला शिकवलं, दारू सोडवली, आजाऱ्यांच्या उशाशी रात्ररात्र बसल्या. हे ऋण मान्य केलंच पाहिजे. पण त्याच व्यासपीठांवरून फिलिप्पैकरांस पत्राची धाव हळूहळू बढती, फ्लॅट आणि व्हिसा यांच्याकडे वळली. जुन्या मंडळ्यांनी आशा मृत्यूपलीकडे ढकलली होती. नव्या सभांनी ती पुढच्या महिन्यावर आणून ठेवली. पौल ज्या खुणेकडे धावत होता, ती खूण या दोन्हींत दिसत नाही. ती खूण ख्रिस्त आहे.

मग २०२० आलं. ३० मार्चला महापालिकेने परिपत्रक काढलं की कोविडने दगावलेल्या प्रत्येकाचं दहनच करावं, धर्म कोणताही असो. त्याच दिवशी ते बदललं आणि मोठ्या दफनभूमीत दफनाला मुभा मिळाली. पण त्या काही तासांत घराघरांत जो प्रश्न उठला तो विरला नाही: देह राहिलाच नाही, तर पुनरुत्थानाचं काय? कॅथलिक चर्चने १९६३ मध्येच दहनाला परवानगी दिली होती, आणि रक्षा पवित्र जागी ठेवावी, उधळू नये असं २०१६ मध्ये स्पष्ट केलं होतं. आमच्याकडे त्यावर कधी मोकळेपणी बोलणं झालं नव्हतं. त्या उन्हाळ्यात आमचे पाळक फोनवरून करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचून दाखवत: जे विनाशीपणात पेरलं जातं ते अविनाशीपणात उठवलं जातं. 'बी तसंच्या तसं उगवत नाही, काकू,' असं ते एका विधवेला म्हणाले. त्या काकू नेवाशाकडच्या. त्या एवढंच म्हणाल्या, 'ठाऊक आहे, मी पेरलंय.'

कॅथलिक चर्चचं २०२५ हे ज्युबिली वर्ष आशेला वाहिलेलं होतं. मराठीत म्हणायचं तर 'आशेचे यात्रेकरू'. त्याच्या बोधचिन्हात चार माणसं एकमेकांना बिलगून क्रूसाकडे चालली आहेत, आणि क्रूसाचा खालचा भाग लांबत जाऊन जहाजाचा नांगर झाला आहे. चालणं आणि धरून ठेवणं एकाच चित्रात. ते पाहून मी आमच्या रविवारच्या शाळेतल्या मुलांना इब्री लोकांस पत्रातली ती ओळ वाचून दाखवली आणि नांगर काढायला सांगितलं. बहुतेकांनी जहाजाचा काढला. ससून डॉक आणि भाऊचा धक्का त्यांच्या पाहण्यातला. एका मुलीने मात्र दोन बैल, मागे रुमणं धरलेली बाई आणि उघडी पडलेली काळी माती काढली. तिचं आजोळ राहुरीजवळचं. 'ताई, बाईने मागे बघायचं नाही ना?' असं तिने शेजारी बसलेल्या शिक्षिकेला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बाईचा चेहरा खोडून पुढच्या बाजूला वळवला. दोन्ही नांगर आम्ही फळ्यावर शेजारी शेजारी लावले आहेत.