रंगांधळ्याला ‘ब्लॅक अँड व्हाइट’ दिसत नाही

साताऱ्यात एखादं पोरगं सैन्यभरतीच्या मेडिकलला रंगांधळं म्हणून बाद झालं की गल्लीतला पहिला प्रश्न ठरलेला: “मग त्याला सगळं ब्लॅक अँड व्हाइटच दिसतं व्हय?” नाही हो! त्याला आभाळ निळंच दिसतं आणि सांगलीची हळद पिवळीजर्दच दिसते. त्याची गफलत होते ती लाल-हिरव्याच्या पट्ट्यात. रंगच न दिसणं हा निराळा विकार आहे. दोन्ही बहुधा जन्मजात आणि दोन्हींवर गोळी-थेंब नाहीत, साम्य एवढंच. रातांधळेपणा तर तिसरंच प्रकरण, त्याला इथे आणूच नका.

गोंधळाची सुरुवात शाळेतल्या वाक्यापासून होते: ‘डोळ्यात लाल, हिरवा आणि निळा रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात.’ हे वाचून वाटतं, एक गेली की तो रंग गेला. मुळात एकटी शंकूपेशी कुठलाच रंग ओळखत नाही. तिन्ही प्रकार साधारण ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या (प्रत्येक रंगाची ती वेगळी) प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतात. यातला ५६० म्हणजे चक्क पिवळसर हिरवा, आणि त्याच पेशीला आपण ‘लाल’ म्हणतो! दुकानाचा गल्ला जसा एकूण किती जमले तेवढंच सांगतो, कुठल्या गिऱ्हाइकाचे किती ते नाही, तशी पेशी फक्त किती उजेड पडला ते कळवते. मंद हिरवा आणि झगझगीत लाल तिला सारखेच वाटू शकतात.

रंग ठरतो तो हिशेब ताडून पाहिल्यावर. एक ताळा ५३० आणि ५६० वाल्यांचा, त्यातून लाल-हिरवं सुटं होतं. दुसरा ताळा या दोघींचा मिळून ४२० वालीशी, त्यातून निळं-पिवळं. नेहमीच्या रंगांधळेपणात या दोघींपैकी एक नसते किंवा दुसरीच्या फार जवळ सरकलेली असते. त्यामुळे पहिला ताळा बोथट होतो, दुसरा शाबूत राहतो. ज्याचा पहिला ताळा साफच गेलाय त्याला भिलारच्या शेतात पिकलेली स्ट्रॉबेरी आणि तिची पानं एकाच पिवळट-तपकिरी घरातली वाटतात, आणि तो चकाकी आणि गडदपणावरून फळ हेरतो. जांभळं आणि निळं, गुलाबी आणि करडं इथेही तो फसतो. डोळे तपासायच्या तक्त्यावरची शेवटची ओळ मात्र तुमच्या-माझ्यासारखीच वाचतो.

दुसऱ्या विकारात, म्हणजे रंगच न दिसण्यात, शंकूपेशी जवळजवळ कामच करत नाहीत. उरतात दंडपेशी, त्या एकाच प्रकारच्या, म्हणजे ताडून पाहायला दुसरं कुणी नाही. पण रंग नसणं ही त्या माणसाची मोठी अडचण नव्हेच. दंडपेशी अंधुक उजेडासाठी असतात, भर दुपारी त्या दिपून जातात. असं मूल उन्हात डोळे मिटून घेतं, त्याची बुबुळं थरथरतात, चष्मा लावूनही फळ्यावरचं दिसत नाही. म्हणून ‘हा रंग कुठला?’ विचारत बसण्यापेक्षा मूल उन्हात कसं वागतं ते बघा. हा विकार साधारण तीस हजारांत एकाला असतो. पॅसिफिकमधल्या पिंगेलॅप बेटावर १७७५ च्या वादळातून मोजकीच माणसं वाचली, आणि त्यांच्या वंशजांत तिथे आज शंभरात पाच ते दहा जणांना तो आहे. लाल-हिरव्याची गफलत मात्र युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरात आठांना असते. तिची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि मुलग्याला ते आईकडून मिळतं, त्यामुळे बापाच्या नावानं खडे फोडू नका.

महाबळेश्वरच्या पॉइंटवर तुमच्या हातचं कणीस पळवणारं माकड आपल्यासारखंच तीन शंकूंचं. दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक माकडांत मात्र सगळे नर दोन शंकूंचे, काही माद्या तीनच्या. त्यात त्यांचं फार बिघडतही नाही, कारण तिथली दोन शंकूंची कॅपुचिन माकडं पानांच्या रंगात दडलेले किडे उलट जास्त चांगले टिपतात. बैलालाही दोनच प्रकारचे शंकू असतात. शर्यतीत तो लाल रंगाला बिथरतो म्हणणाऱ्यांनी फडकं हलवणं थांबवून बघावं.

आता भरतीच्या चाचणीबद्दल. शिनोबू इशिहारांनी ती रंगीत ठिपक्यांतून आकडा वाचायला लावणारी पानं १९१७ मध्ये जपानमध्ये काढली. ठिपके मुद्दाम लहानमोठे आणि फिके-गडद ठेवलेत, म्हणजे नुसत्या उजेड-सावलीवरून आकडा हाती लागू नये. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांनाच दिसतो, तेव्हा तो वाचून हुरळू नका. मोबाइलवर फोटो बघून आकडे पाठ करवून घेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. स्क्रीनचे रंग छापील शाईचे नसतात आणि तपासणारा पानं उलटीपालटी करतोच. डोळ्यांच्या डॉक्टरकडे छापील पुस्तकावर, दिवसाच्या उजेडात, ७५ सेंटिमीटरवरून तपासून घ्या, आणि तेही दहावी-बारावीतच, मैदानावर घाम गाळायला लागण्याआधी.